क्योटोचा पत्तेवाला आणि विट्याची कॅसेट

विट्यात साधारण १९९० ते २००५ या काळात जो मुलगा दहा वर्षांचा झाला, त्याला मारिओ कोण हे सांगावे लागत नाही. हिरवे पाइप, पिवळी नाणी, उडी मारून फोडायच्या विटा, चालत येणारी कासवे, शेवटी किल्ला, हे सगळे त्याला डोळे मिटूनही दिसते. तोच मुलगा आज चाळिशीला टेकला आहे. त्याला विचारा, 'हा खेळ कुणी बनवला होता?' उत्तरे येतात, 'चायनाचा होता', 'जपानचा असेल', 'मीडिया कंपनीचा', नाहीतर 'कॅसेटवाल्याचा'. निन्टेंडो हे नाव क्वचितच कुणाच्या तोंडून येते.

माझा पोटापाण्याचा धंदा टीव्ही दुरुस्तीचा. इतिहास मी कॉलेजात शिकलेलो नाही. सर्व्हिस मॅन्युअल, जुनी मासिके, उघडून ठेवलेली यंत्रे आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा, एवढीच माझी साधने. पण तीस वर्षे लोकांचे टीव्ही उघडताना त्यांना जोडलेला टीव्ही गेमही उघडावा लागला, आणि त्यातून हा प्रश्न मागे लागला. ज्या कंपनीने खानापूर तालुक्यात कधी एक दुकान काढले नाही, एक जाहिरात दिली नाही, एक वस्तू विकली नाही, तिचा खेळ इथल्या एका अख्ख्या पिढीचे बालपण कसा होऊन बसला? आणि खेळ पोचला, तर कंपनीचे नाव का पोचले नाही?

पत्त्यांचा कारखाना

निन्टेंडोची सुरुवात २३ सप्टेंबर १८८९ची, जपानच्या क्योटो शहरातली. फुसाजिरो यामाउची नावाच्या कारागिराने 'हानाफुदा' पत्ते बनवून विकायला सुरुवात केली. हानाफुदाच्या जोडात ४८ पाने असतात. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याला एक फूल किंवा झाड, आणि प्रत्येकाची चार पाने. पानावर आकडा नसतो. जपानी सत्ताधीशांनी जुगाराच्या पत्त्यांवर वेळोवेळी बंदी घातली, तेव्हा आकडे वगळून नुसती चित्रे ठेवण्याची ही युक्ती निघाली.

हे वाचताना मला सावंतवाडीची गंजिफा आठवते. गोल पाने, हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पाने. जपानी पत्त्यांचे मूळ पोर्तुगीज खलाशांनी नेलेल्या पत्त्यांत आहे, गंजिफेची वाट इराणकडून आली. हातकामाची जात मात्र एकच. सावंतवाडीची कला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. १९७०च्या दशकात तिथल्या राजघराण्याने राजवाड्यात कारागीर बसवले म्हणून ती तगली. क्योटोच्या पत्तेवाल्याला राजवाड्याचा आधार नव्हता. त्याला बाजारातच जगायचे होते, आणि त्याच्या वारसांनी दर पिढीला नवा माल काढला.

हिरोशी यामाउची १९४९ साली वयाच्या बाविशीत कंपनीचा प्रमुख झाला. १९५३ साली त्याने प्लास्टिकचे लेपन असलेले पत्ते मोठ्या प्रमाणावर काढले. १९५९ साली डिस्नेच्या चित्रांचे पत्ते काढले आणि जुगाराच्या अड्ड्यावरचा माल घरातल्या लहान मुलांपर्यंत नेला. १९६३ साली कंपनीच्या नावातला 'पत्ते' हा शब्द काढून टाकला. पण पुढे काय करायचे हे ठरलेले नव्हते. टॅक्सीचा धंदा करून पाहिला, झटपट शिजणारा भात विकून पाहिला. दोन्ही बुडाले. आज जगभर ओळखली जाणारी कंपनी साठच्या दशकात धंदा शोधत फिरणाऱ्या कुठल्याही मध्यम कारखानदारासारखीच होती.

जुन्या तंत्राचे नवे काम

१९६५ साली कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला गुनपेई योकोई हा तरुण कामाला लागला. फावल्या वेळात त्याने स्वतःच्या गमतीसाठी एक लांब होणारा चिमटा बनवला होता. मालकाच्या तो नजरेस पडला. १९६६ साली तोच 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त विकला गेला. मेंटेनन्सचा माणूस खेळणी बनवणाऱ्या विभागात गेला.

योकोईचे एक तत्त्व जपानी कारखानदारीत प्रसिद्ध आहे. अगदी नवे, महागडे तंत्र वापरू नका. जे तंत्र जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याच्या खोड्या सगळ्यांना माहीत झाल्या आहेत, ते घ्या आणि त्याला भलत्याच कामाला लावा. प्रवासात एक माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्याला दिसला. कॅल्क्युलेटरचा पडदा तोवर स्वस्त झाला होता. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' हे हातात मावणारे खेळ आले. १९८२ साली त्यातल्याच एका खेळासाठी त्याने अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांचे बटण बनवले. आज जगातल्या बहुतेक गेमच्या रिमोटवर ते बटण, किंवा त्याचा भाऊबंद, असतो.

हे तत्त्व विट्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या यंत्रमागाची गावे गिरण्यांच्या मानाने जुन्या झालेल्या साध्या मागांवर उभी राहिली. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, विटा, सगळीकडे कथा थोड्याफार फरकाने हीच. गिरणीला जो माग परवडेनासा झाला, तो पत्र्याच्या शेडमध्ये दोन पिढ्या चालला, कारण त्याचा प्रत्येक भाग इथल्या फिटरला पाठ होता.

फॅमिकॉम

घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र बनवण्याचे काम मासायुकी उएमुरा या इंजिनिअरकडे आले. तो १९७२ साली शार्प कंपनीतून निन्टेंडोत आला होता. यंत्र स्वस्त असले पाहिजे, आणि इतरांना लवकर नक्कल करता येऊ नये, अशी मालकाची अट. चिप बनवायला रिको ही कंपनी तयार झाली, पण दर फार कमी मागितला होता. तेव्हा यामाउचीने दोन वर्षांत तीस लाख चिप उचलण्याची हमी दिली. स्वतःच्या लोकांनाही हा वेडेपणा वाटला.

१५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे फॅमिकॉम, जपानात १४,८०० येनला विक्रीला आले. गमतीचा योग असा, की त्याच दिवशी सेगा कंपनीनेही आपले पहिले घरगुती यंत्र काढले. सुरुवातीच्या फॅमिकॉममध्ये चिपचा दोष निघाला आणि माल परत बोलवावा लागला. तरीही पुढच्या वीस वर्षांत जगभरात हे यंत्र, अमेरिकी रूप धरून, सहा कोटींहून जास्त विकले गेले. जपानात त्याचे उत्पादन थेट २००३पर्यंत चालू होते.

यंत्राच्या आत काय होते? ६५०२ या १९७५ सालच्या स्वस्त प्रोसेसरवर आधारलेली चिप, आणि कामासाठी फक्त दोन किलोबाइट मेमरी. १९८५ साली आलेला पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा चाळीस किलोबाइटमध्ये बसवला होता. आज मोबाइलवर आलेली दिवाळीच्या शुभेच्छांची एक चित्रफीत त्याच्या कितीतरी पट मोठी असते.

एवढ्याशा जागेत एवढे मोठे जग कसे मावले? पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत वाटलेला असे, आणि तेच चौकोन पुन्हा पुन्हा वापरले जात. मारिओमधला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हा एकच आकार आहे. वर पांढरा, खाली हिरवा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे खेळाचे टप्पे आलेखाच्या कागदावर, चौकोन भरत, काढायचे. आमच्याकडच्या एका डिझाइन करणाऱ्या यंत्रमागधारकाला मी हे दाखवले, तेव्हा तो म्हणाला, 'हे तर आमचंच काम. बुट्टा तोच, धागा बदलला की साडी नवी.' त्याने शाळेत असताना हा खेळ शेकडो तास खेळला होता. ढग आणि झुडूप एकच आहेत हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आले.

एका दाराला कुलूप, दुसरे उघडे

१९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कुणीही कसलाही खेळ काढून विकत होते आणि गिऱ्हाईक विटले होते. अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ साली तो उकरून काढण्यात आला, तेव्हा आतून खरोखरच कॅसेटी निघाल्या.

या पडझडीतून निन्टेंडोने धडा घेतला. १९८५च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये आपले यंत्र विकायला काढताना त्यांनी आत एक कुलपाची चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल, तर यंत्र चालू राहत नसे. दुसऱ्या कंपन्यांना खेळ काढायचा तर निन्टेंडोची परवानगी, वर्षाला पाचच खेळांची मर्यादा, आणि कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायच्या. दर्जा सांभाळला गेला, आणि बाजाराची मानही हातात आली.

पण जपानातल्या मूळ फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हते. ते यंत्र दोन वर्षे आधीच विकले गेले होते. अमेरिकेच्या दाराला कुलूप लागले, जपानचे दार उघडेच राहिले. जगभर जी नक्कल झाली, ती या उघड्या दारातून झाली. विट्याची कॅसेट कुठल्या दारातून आली हे सिद्ध करता येते, आणि त्याचे पुरावे माझ्या दुकानातल्या डब्यातच आहेत.

पहिला पुरावा पिनांचा. अमेरिकी कॅसेटला ७२ पिना असतात, जपानी कॅसेटला ६०. आपल्याकडे आलेल्या सगळ्या कॅसेटी ६० पिनांच्या, आखूड. दुसरा पुरावा खेळांचा. आपल्या गल्लीत ज्याला 'टँकचा गेम' म्हणत, तो नामको कंपनीचा १९८५चा 'बॅटल सिटी'. विटांच्या भिंती, मध्ये गरुडाचे चिन्ह, आणि ते वाचवायचे. हा खेळ अमेरिकेत कॅसेटच्या रूपात अधिकृतपणे आलाच नाही. 'सर्कस'ही तसाच. त्या वयाच्या अमेरिकी मुलाला जे माहीत नव्हते, ते विट्याच्या मुलाला पाठ होते. म्हणजे आपला माल जपानी शाखेतून आला, अमेरिकेकडून नव्हे.

तिसरा पुरावा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अस्सल मारिओ सुरू केला, की पहिल्या पडद्यावर १९८५ हे साल आणि निन्टेंडोचे नाव येते. आमच्या कॅसेटींमध्ये त्या ओळीच्या जागी बहुधा मोकळी जागा असे. नक्कल करणाऱ्याने खेळाचा बाकी एक ठिपका हलवला नव्हता. फक्त नाव पुसले होते.

तैवानची भट्टी

हे काम मुख्यतः तैवान आणि हाँगकाँगमध्ये झाले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या चिप कारखान्यांनी फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या नकला बनवल्या. पुढे दोन्ही मिळून एकच चिप झाली आणि यंत्र आणखी स्वस्त झाले. नव्वदीच्या मध्यानंतरचे यंत्र उघडले, की आत हिरव्या पट्टीवर काळ्या रसायनाचा एक थेंब वाळलेला दिसे, बस्स. त्या थेंबाखाली सगळे फॅमिकॉम.

ही यंत्रे जगभर वेगवेगळ्या नावांनी गेली. रशियात १९९२पासून 'डेंडी', पोलंडमध्ये 'पेगासस', चीनमध्ये 'सुबोर'. चीनमध्ये त्याला कीबोर्ड जोडून 'शिकण्याचे यंत्र' म्हणून विकले गेले. तसली कीबोर्डवाली यंत्रे पुढे आपल्याकडेही आली. 'कॉम्प्युटर आहे' म्हटले की बापाचा हात खिशाकडे सहज जाई. भारतात 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'विझ किड', 'सामुराई' ही नावे चालली.

अस्सल कंपन्या इकडे का आल्या नाहीत? एक प्रयत्न झाला होता, त्याचा हिशोब पाहण्यासारखा आहे. परदेशी गेम यंत्रावर तेव्हा ८० टक्के आयात शुल्क होते. त्यातून मार्ग काढण्यासाठी सेगाने एप्रिल १९९५मध्ये शॉ वॉलेस या भारतीय कंपनीशी करार केला आणि आपले यंत्र १८,००० रुपयांना विकायला काढले. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने पाच हजारांच्या आतबाहेर होते. म्हणजे एका खेळण्याला साडेतीन तोळ्यांच्या आसपास सोने. हा हिशोब विट्यात कुणीही सेकंदात करील, आणि मान हलवून पुढे जाईल. नकली यंत्र काही शे रुपयांपासून मिळे.

एक फरक मात्र राहिला. जपानचा टीव्ही सेकंदाला साठ चित्रांवर चालतो, आपला पन्नासवर. खेळाची चाल त्या चित्रांच्या गतीला बांधलेली असते. त्यामुळे विट्यातला मारिओ क्योटोतल्या मारिओपेक्षा सुमारे एकषष्ठांश सावकाश धावला. संगीतही तेवढेच रेंगाळले. आज मुलगा मोबाइलवर अस्सल खेळ लावतो, तेव्हा बाप म्हणतो, 'हे जरा जास्तच पळतंय.' बापाचा कान बरोबर आहे.

गलाईची वाट

आता शेवटचा टप्पा. तैवानचा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या पालिका बाजारात, चेन्नईच्या बर्मा बाजारात, कोलकात्याच्या खिदिरपुरात मिळे. तिथून विट्याला कसा आला?

खानापूर, आटपाडीकडच्या वाचकांना उत्तर आधीच कळले असेल. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. सोने-चांदी गाळून शुद्ध करायचे काम. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुंद झाली. काश्मीरपासून केरळपर्यंत क्वचितच एखादा सराफ बाजार असेल, जिथे इकडच्या माणसाची भट्टी नाही. ही माणसे बाराही महिने बाहेर असली, तरी दिवाळी, मे महिना, गावची जत्रा, लग्नसराई चुकवत नाहीत. येताना पोरांसाठी काहीतरी आणतातच.

सराफ बाजार आणि इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार मोठ्या शहरात पुष्कळदा हाकेच्या अंतरावर असतात. टीव्ही गेम हलका, कपड्यांच्या पिशवीत मावणारा, आणि घरातल्या पोरांपुढे मान वाढवणारा. मी नोंदी करायला लागलो तेव्हा एक गोष्ट सारखी दिसू लागली. 'तुमच्या घरी पहिला गेम कुणी आणला?' या प्रश्नाला विट्यातल्या दुकानाचे नाव फार थोडे घेतात. 'मामानं मद्रासहून', 'चुलत्यानं दिल्लीहून', 'थोरल्या भावानं कोचीहून' अशीच उत्तरे येतात. पुण्या-मुंबईच्या अनेक मुलांनी हा खेळ दुकानात पाहिला. इथे तो नात्यातून आला. ज्या रस्त्याने मनिऑर्डर यायची, त्याच रस्त्याने मारिओ आला.

एकदा घरात यंत्र आले, की ते घराचे राहत नसे. गल्लीतली पोरे जमत. काही ठिकाणी तासाला रुपया-दोन रुपये घेऊन खेळायला देत. कॅसेटींची अदलाबदल होई. '९९९९ इन १' असे छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तोच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून आकडा फुगवलेला असे. पोरांना हे आठवड्यात कळे. त्यांची तक्रार नसे.

माझ्याकडे दुरुस्तीला यायचे ते मुख्यतः तीन रोग. भलताच अडॅप्टर लावून जळालेला ७८०५ रेग्युलेटर, रिमोटची मुळाशी तुटलेली वायर, आणि न लागणारी कॅसेट. कॅसेटीत फुंकर मारायची पद्धत जपानपासून विट्यापर्यंत सगळीकडे होती. खरे तर फुंकरीने काही होत नाही, उलट थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. कॅसेट काढून पुन्हा घातल्याने पिना घासल्या जातात, म्हणून ती लागते. खोडरबरने पिना पुसल्या की काम होई. हे मी किती पोरांना सांगितले असेल. पुढच्या वेळी ती पुन्हा फुंकर मारतच दुकानात यायची.

आणि एक नोंद, जी मला टाळता येणार नाही. मी ज्या बायकांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकींना मारिओ पाहिल्याचे आठवते, खेळल्याचे कमी. दोन रिमोट असत, आणि दोन्ही मुलांच्या हातात. एक जण, आता शिक्षिका आहेत, म्हणाल्या, 'भाऊ दुपारी झोपला की मी आवाज बंद करून खेळायची. किल्ल्यापर्यंत जायची. पण कुणी पाहिलंच नाही, म्हणून घरात कुणाचा विश्वास बसायचा नाही.' या इतिहासात नाव पुसले गेले ते एकट्या कंपनीचे नाही.

शिक्का आणि सोने

ही चोरी होती का? सरळ उत्तर द्यायला हवे. कॉम्प्युटर प्रोग्रॅमला आपल्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण १९८४च्या दुरुस्तीने मिळाले. त्यामुळे खेळाची नक्कल करून विकणे तेव्हाही बेकायदा होते. चिपच्या आराखड्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा भारतात २००० साली झाला. म्हणजे नकली चिप आणि नकली खेळ यांत कायद्याच्या दृष्टीने फरक होता. विट्याच्या पोराला यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते. कॅसेट बनवणाऱ्याला मात्र सगळे माहीत होते. नाव पुसले, यावरूनच ते दिसते.

अनेक जण म्हणतात, 'कंपनीचे काय नुकसान झाले? ती इथे विकतच नव्हती.' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. पैशाचे नुकसान खरोखर थोडे असेल. १८ हजारांचे यंत्र विट्यात कुणी घेतले नसते. नकली यंत्र नसते तर इथल्या पोरांना हा खेळ मिळालाच नसता, आणि ते मला वाईट वाटले असते. ती पोरे आज माग चालवतात, भट्ट्या चालवतात, काही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पडद्यावरची वस्तू आपण हलवू शकतो, हे त्यांना पहिल्यांदा या काळ्या थेंबाने शिकवले. पण उरलेला अर्धा मुद्दा पैशाचा नाही.

गलाईवाल्याच्या भट्टीत दागिना गेला, की त्यावरचा घडवणाऱ्याचा शिक्का वितळतो आणि सोने उरते. सोन्याच्या बाबतीत हे ठीक आहे, कारण सोने कुणी बनवलेले नसते. घडण मात्र कुणीतरी बनवलेली असते. घडणावळ वेगळी मोजायची असते, हे आपल्या गावाला कुणी शिकवायला नको. तैवानच्या भट्टीत उलटे झाले. घडण जशीच्या तशी ठेवली आणि फक्त शिक्का वितळवला. मियामोतोने आलेखाच्या कागदावर भरलेला एकेक चौकोन विट्यात आला, मियामोतो आला नाही. आपल्या पिढीतल्या एकाही मुलाला 'हे माणसाने बनवले आहे, त्याला नाव आहे, तेही कुठल्या तरी कारखान्यात नोकरीला आहे' असे वाटण्याची सोय राहिली नाही. खेळ म्हणजे बाजारातून येणारी वस्तू, एवढेच कळले. मला वाटते, 'आपणही असे बनवू' ही इच्छा आपल्याकडे उशिरा आली, त्यामागे हेही एक कारण आहे. ज्या कामामागे माणूस दिसत नाही, ते काम करावेसे कुणाला वाटत नाही.

आता काय उरले आहे

योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेला, यामाउची २०१३ साली, उएमुरा २०२१ साली. आपल्याकडची यंत्रेही जात आहेत. बदके मारायची बंदूक तर आधीच निकामी झाली. खटका दाबला, की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतला प्रकाशाचा डोळा तो चौकोन टिपे. हे काम काचेच्या जाड नळीच्या टीव्हीवरच होते. सपाट टीव्ही आले आणि नेम चुकू लागले. कित्येकांनी बंदूक बिघडली म्हणून दुरुस्तीला आणली. बंदूक ठीक होती, टीव्ही बदलला होता.

जुने टीव्ही भंगारात गेले, त्यांच्याबरोबर हे गेमही गेले. कंपनी आपले नाव आणि आपला इतिहास सांभाळायला समर्थ आहे. क्योटोजवळच्या उजी इथे तिच्या जुन्या कारखान्यात २०२४ साली तिचे स्वतःचे संग्रहालय उघडले आहे. पण हा खेळ मद्रासच्या भट्टीतून विट्याच्या गल्लीत कसा आला, ते कुठल्याही क्योटोच्या संग्रहालयात असणार नाही. ती आपली नोंद आहे आणि ती आपणच ठेवायची आहे.

म्हणून एक विनंती. या दिवाळीत माळा किंवा कपाट आवरताना एखादे यंत्र, एखादी पिवळी कॅसेट हाती लागली, तर भंगारवाल्याला देण्याआधी एक चिठ्ठी लिहा. कुणी आणली, कुठल्या शहरातून, कुठल्या साली, घरात कोण कोण खेळले. बहिणींची नावेही लिहा. आणि सगळ्यात खाली एक ओळ घाला: बनवणारे, निन्टेंडो, क्योटो. चिठ्ठी कॅसेटीवर चिकटवून ठेवा. चालत नसेल तरी चालेल. खोडरबर माझ्याकडे आहे.